मासिकाच्या पानावरची सुभद्रा

सुभद्राकुमारी चौहान हे नाव मराठी वाचकाला अनोळखी नाही. झाशीच्या राणीवरची त्यांची कविता अनेकांनी शाळेत हिंदीच्या तासाला पाठ केलेली असते, आणि तिचे ध्रुवपद पन्नाशी उलटल्यावरही न अडखळता म्हणता येते. मात्र या बाईंची दुसरी कविता कोणती, असे विचारले की बहुतेकांची पंचाईत होते. शाळेने एक कविता हाती दिली आणि कवयित्री त्या कवितेआड गेली. राणीची तलवार सगळ्यांना दिसते. ती तलवार कागदावर उतरवणारी बाई कोण होती, कुठे राहत होती, कुणासाठी लिहीत होती आणि ते लिखाण लोकांपर्यंत पोचत तरी कसे होते, हे प्रश्न पाठ्यपुस्तकाच्या बाहेर राहिले.

या प्रस्तावनेत मला एकच गोष्ट मांडायची आहे. सुभद्राकुमारींची पहिली कविता छापून आली ती १९१३ मध्ये, आणि ‘मुकुल’ हा पहिला संग्रह निघाला १९३० मध्ये. मधली सतरा वर्षे त्यांची कविता मासिकांच्या आणि साप्ताहिकांच्या अंकांतून जगली. आज प्रसिद्ध झाली आणि महिन्याभरात रद्दीत गेली, असेच त्या काळच्या छापील कवितेचे आयुष्य. हाती येणाऱ्या अंकात बाजूच्या पानावर अटकेची बातमी, मागच्या पानावर औषधाची जाहिरात, आणि मधोमध ही कविता. तिची सोपी भाषा, ठेका, घाई आणि थेट हाक मारण्याची सवय ही सगळी त्या जागेने घडवली आहे. पुढच्या कविता वाचताना ही जागा डोळ्यांपुढे राहावी, म्हणून हा थोडा विस्तार.

सुरुवात मात्र सुभद्राकुमारींच्या गावापासून नको. ती झाशीजवळच्या चिरगावपासून करावी लागते. झाशीहून कानपूरकडे निघाले की तीसेक किलोमीटरवर हे गाव लागते. येथे ३ ऑगस्ट १८८६ रोजी सेठ रामचरण आणि काशीबाई यांच्या पोटी मैथिलीशरण गुप्त जन्मले. वडील वैष्णव भक्त, स्वतः पद्य रचणारे. मुलानेही आधी ‘रसिकेंद्र’ या नावाने ब्रजभाषेत कविता केल्या, कारण कविता म्हटली की ती ब्रजभाषेतच, असा तेव्हाचा रिवाज होता. बाजारात, कचेरीत आणि वर्तमानपत्रात खडी बोली चाले; कवितेसाठी मात्र कृष्ण-राधेची जुनी बोली राखून ठेवलेली.

हा रिवाज मोडायचे काम ज्या माणसाने अंगावर घेतले, तो त्या वेळी झाशीतच रेल्वेच्या कचेरीत नोकरीला होता. महावीरप्रसाद द्विवेदी यांनी १९०३ मध्ये ‘सरस्वती’ या मासिकाचे संपादन हाती घेतले आणि पुढे रेल्वेची चांगली नोकरी सोडून दिली. मासिक निघे अलाहाबादच्या इंडियन प्रेसमधून. संपादक दुसऱ्या गावी, लेखक तिसऱ्या गावी, आणि सगळा व्यवहार टपालाने. द्विवेदींच्या या धडपडीमागे मराठीचाही हात आहे. नोकरीनिमित्त ते मुंबईकडे राहिले होते आणि तेथे मराठी शिकले होते. मराठी कवी संस्कृत वृत्तांत लिहितात आणि तरीही त्यांची वाक्यरचना गद्याच्या जवळ राहते, हे त्यांनी पाहिले होते. हिंदीतही बोलण्याच्या भाषेत कविता होऊ शकते, या त्यांच्या आग्रहाला मराठीचा दाखला होता, हे रामचंद्र शुक्लांनी हिंदी साहित्याच्या इतिहासात नोंदवले आहे. चिरगावच्या तरुणाला त्यांनी ब्रज सोडून खडी बोलीकडे वळवले, त्याच्या कविता तपासल्या, दुरुस्त करून छापल्या. पुढे ‘भारत-भारती’ लिहून हाच तरुण घराघरांत पोचला.

आता यात मुलींचा संबंध कुठे येतो? ब्रजकविता शिकायची तर गुरू लागे, कवींची बैठक लागे, समस्यापूर्तीचा, म्हणजे दिलेल्या ओळीवरून कविता पुरी करण्याचा, सराव लागे. त्या कवितेचा मुख्य विषय शृंगार, आणि बैठक पुरुषांची. घरंदाज मुलीने तेथे जायचे कसे? खडी बोलीच्या कवितेला यातले काही लागत नव्हते. ‘सरस्वती’चा अंक घरी येत असला आणि अक्षरओळख असली की पुरे. नमुना छापील पानावरच होता. कवयित्री महादेवी वर्मांनी याची साक्ष दिली आहे. लहानपणी त्यांना शिकवणारे पंडितजी त्यांच्याकडून ब्रजभाषेत समस्यापूर्ती करून घेत. ‘सरस्वती’तल्या गुप्तांच्या कविता हाती आल्यावर मात्र, जी भाषा आपण बोलतो तिच्यातही कविता होते, हे त्यांना उमगले आणि पंडितजींना न जुमानता त्या तशी रचना करू लागल्या. चिरगावच्या एका सेठजींच्या मुलाने टपालाने पाठवलेली कविता अशी दुसऱ्या गावातल्या एका मुलीची शाळा झाली. हिंदीत विसाव्या शतकाच्या पहिल्या पंचविशीत एकाएकी इतक्या कवयित्री कशा दिसू लागल्या, याचे बरेचसे उत्तर या भाषाबदलात आहे.

सुभद्राकुमारींचा जन्म १६ ऑगस्ट १९०४ चा, अलाहाबादजवळच्या निहालपूरचा. हिंदी छापखान्यांची राजधानी तेव्हा अलाहाबाद होती. ‘सरस्वती’ तेथली, मालवीय घराण्याचे ‘मर्यादा’ तेथले, आणि १९०९ पासून रामेश्वरी नेहरूंचे ‘स्त्री दर्पण’ही तेथलेच. कडुनिंबाच्या झाडावर नऊ वर्षांच्या सुभद्रेने केलेली कविता ‘मर्यादा’त आली, ती ‘सुभद्राकुँवरि’ या नावाने. मुलीचे नाव छापून येणे ही तेव्हा साधी गोष्ट नव्हती. ठाकुरांच्या घरातली मुलगी परक्या पुरुषांसमोर जात नसे. तिचे नाव मात्र शेकडो परक्या घरांत जाऊन पोचले.

क्रॉस्थवेट गर्ल्स कॉलेजच्या वसतिगृहातला एक प्रसंग महादेवींनी सांगितला आहे. सुभद्रा सातवीत, महादेवी पाचवीत. धाकटी लपून कविता लिहिते असा थोरलीला संशय. विचारले तर साफ नकार. मग थोरलीने तिचे डेस्क उपसले, वह्यांतून कविता बाहेर काढल्या आणि एका हाताने कागद व दुसऱ्या हाताने मुलीला धरून सगळ्या वसतिगृहात जाहीर करून टाकले की ही कविता करते. तेव्हापासून दोघींची मैत्री जमली. खेळाच्या वेळी इतर मुली खेळत आणि या दोघी झाडाच्या फांदीवर बसून तुकबंदी करीत, ती ‘स्त्री दर्पण’कडे पाठवीत, आणि ती छापूनही येई. पुढे सुभद्रा वसतिगृह सोडून गेल्या तेव्हा त्यांच्या जागी कोल्हापूरची एक मराठी मुलगी आली. ती महादेवींचे डेस्क आवरी, पुस्तके लावून ठेवी, त्यामुळे आपल्याला कवितेसाठी आणखी सवड मिळाली, असे महादेवींनी कृतज्ञतेने लिहिले आहे. मासिकात नाव एकीचे येते. त्यासाठी लागणारा वेळ कुणीतरी दुसरी काढून देत असते. स्त्रियांच्या लेखनाच्या इतिहासात ही कोल्हापूरची मुलगीही धरली पाहिजे.

१९१९ मध्ये सुभद्राकुमारींचे लग्न खांडव्याच्या लक्ष्मणसिंह चौहानांशी झाले. लक्ष्मणसिंह स्वतः नाटककार, गांधींच्या चळवळीकडे ओढलेले. सासरी पडदा पाळायचा नाही, हे नव्या सुनेने ठरवले आणि नवऱ्याने मान्य केले. १९२० च्या जानेवारीत जबलपूरहून ‘कर्मवीर’ हे साप्ताहिक सुरू झाले. संपादक माखनलाल चतुर्वेदी, आणि ते उभे करण्यात पुढाकार माधवराव सप्रे यांचा. सप्रे घरचे मराठी. दासबोध आणि लोकमान्यांचे गीतारहस्य त्यांनीच हिंदीत नेले, नागपुरातून ‘हिंदी केसरी’ चालवला. मध्य प्रांतातली हिंदी पत्रकारिता आणि मराठी पत्रकारिता यांचे बिऱ्हाड जवळजवळ एकच होते. लक्ष्मणसिंह ‘कर्मवीर’च्या संपादकीय कामात रुजू झाले आणि जोडप्याने जबलपुरात संसार मांडला.

अशा रीतीने कवयित्री छापखान्याच्या अगदी दारात येऊन राहिली. मराठी वाचकाला येथे लक्ष्मीबाई टिळकांची आठवण होणे साहजिक आहे. लक्ष्मीबाई अक्षरे शिकल्या त्या लग्नानंतर, नवऱ्याच्या नादाने. आणि त्यांचे पती रेव्हरंड टिळक १९१२ पासून ‘ज्ञानोदय’ या मिशनरी पत्राची मराठी बाजू पाहत होते. त्याच्याही कितीतरी आधी, १८५५ मध्ये, फुले दांपत्याच्या शाळेतल्या मुक्ताबाईंचा मांग-महारांच्या दुःखावरचा निबंध याच ‘ज्ञानोदया’त आला होता. वसाहतीच्या काळात बाईचे लिखाण छापून येण्यासाठी बहुधा घरचा किंवा शाळेचा कुणीतरी पुरुष मधे असावा लागे. म्हणून त्या लिखाणाचे मोल कमी होत नाही. पण कोणत्या बायकांचा आवाज पोचला आणि कोणत्या बायकांचा पोचला नाही, हे बऱ्याच अंशी घरात संपादक, शिक्षक किंवा मिशनरी होता की नाही यावर ठरले, ही गोष्ट डोळ्याआड करता येत नाही.

सुभद्राकुमारींचे वेगळेपण असे की त्या छापखान्याच्या दारात थांबल्या नाहीत. १९२३ साली जबलपुरात नगरपालिकेच्या इमारतीवर तिरंगा लावण्यावरून ठिणगी पडली आणि तिचे रूपांतर नागपूरच्या झेंडा सत्याग्रहात झाले. सिव्हिल लाइन्सकडे झेंडा घेऊन जायला मनाई. रोज तुकड्या निघायच्या, रोज अटक व्हायची. जमनालाल बजाज यांनी हा सत्याग्रह चालवला, त्यांना अटक झाल्यावर वल्लभभाई पटेलांनी. नागपुरात अटक करून घेणारी पहिली स्त्री सत्याग्रही म्हणून सुभद्राकुमारींचे नाव घेतले जाते. वय तेव्हा अठरा-एकोणीस. कालपर्यंत जिच्या कवितेच्या शेजारी अटकेची बातमी छापून येत होती, तिचीच अटक आता बातमी झाली.

हा काळ छापखान्यांना सुखाचा नव्हता. १९१० च्या प्रेस ॲक्टाने सरकारला छापखान्याकडून जामीन मागण्याचा आणि तो जप्त करण्याचा अधिकार दिला होता. १९२२ मध्ये तो कायदा गेला, पण राजद्रोहाचे कलम जागेवर होते, आणि १९३० च्या वटहुकमाने व १९३१ च्या कायद्याने जामिनाचा फास पुन्हा आवळला गेला. संपादकाला प्रत्येक ओळ तोलूनच छापावी लागे. अशा वेळी कवितेचा एक फायदा होता. लेखात सरकारवर आरोप केला की तो आरोप असतो. राखी, वसंत, होळी यांवरच्या कवितेत तेच आले तर त्यावर कलम लावणे जड जाते. सुभद्राकुमारींनी सणांची ही सोय पुरेपूर वापरली. जालियनवाला बागेवर लिहिताना त्या वसंताला बोलावतात आणि हळू पावलांनी यायला सांगतात. राखीच्या कवितेत बहीण भावाला राखी पाठवते आणि तिच्या बदल्यात ओवाळणी मागत नाही, तर त्याला आव्हान देते. घरातल्या बाईने सणावर कविता करावी यात वावगे काही नाही, हे सरकारलाही मान्यच होते. त्या मान्यतेच्या आडूनच ही कविता बाहेर पडली.

झाशीच्या राणीची कविताही याच नजरेने पाहावी. राणीची गोष्ट मराठी माणसाला गद्यातून भेटली. मोरोपंत तांबे आणि नेवाळकर ही घराणीच मुळी महाराष्ट्रातली. वरसईचे विष्णुभट गोडसे दक्षिणेच्या आशेने उत्तरेत गेले आणि १८५७ च्या धामधुमीत झाशीत सापडले; त्यांचा ‘माझा प्रवास’ चिंतामणराव वैद्यांनी १९०७ मध्ये छापला. त्याआधी १८९४ मध्ये दत्तात्रय बळवंत पारसनीसांनी राणीचे चरित्र लिहिले होते. आपल्याकडची राणी म्हणून भटजीने पाहिलेली, कागदपत्रांतून जुळवलेली, तपशिलांची राणी आहे. सुभद्राकुमारींनी आधार घेतला तो बुंदेलखंडातल्या हरबोल्यांचा. हे आपल्याकडच्या वासुदेवासारखे दारोदार गात फिरणारे लोक. कवितेचे ध्रुवपद प्रत्येक कडव्याच्या शेवटी त्यांचाच हवाला देते: आम्ही ही कहाणी त्यांच्या तोंडून ऐकली आहे.

या एका युक्तीने तीन कामे होतात. एक तर कवयित्री साक्षीदार होण्याचे नाकारते; ती फक्त ऐकलेले सांगते, आणि गल्लोगल्ली गायले जाणारे सांगितले म्हणून राजद्रोह कसा ठरवायचा? दुसरे, ध्रुवपद परत परत येत असल्याने ज्याला वाचता येत नाही त्याच्याही ते ध्यानात राहते. अंक एकाने वाचला की कविता दहाजणांची होते. आणि तिसरे, लोकगीतातून उचललेले छापखान्यातून पुन्हा लोकांकडे परत जाते. पुस्तकासाठी लिहिणाऱ्या कवीला इतक्या वेळा तीच ओळ आणण्याचा संकोच वाटला असता. ऐकणाऱ्यासाठी लिहिणाऱ्या कवयित्रीला तो वाटला नाही. पाठ्यपुस्तकात ही कविता शौर्याचा धडा झाली. तिच्या काळात ती सत्तर-पंचाहत्तर वर्षांपूर्वीचे बंड पुन्हा तोंडी आणण्याचा उद्योग होती, आणि तोही चालू राज्याच्या नाकावर टिच्चून.

सुभद्राकुमारींच्या कवितांचे दोन ढीग करण्याची पद्धत आहे: एक देशाचा, दुसरा घराचा. दुसऱ्या ढिगात मुलीवरच्या, स्वतःच्या परत आलेल्या बालपणावरच्या, नवऱ्याशी रुसण्या-समजुतीच्या कविता येतात. त्यांना पाच मुले. तुरुंग, सभा, स्वयंपाक आणि आजारपणे एकाच दिवसात येत. त्यामुळे हे ढीग वाचकाने केलेले आहेत, कवयित्रीने केलेले नाहीत. मासिकाच्या अंकातही हे सगळे शेजारी शेजारीच असे. मुलीच्या खेळण्यावर लिहिणारी आणि झेंडा घेऊन निघणारी बाई एकच आहे, हे तेव्हाच्या वाचकाला वेगळे सांगावे लागत नव्हते. चिरगावचे गुप्त १९३१ मध्ये ‘साकेत’ घेऊन आले तेव्हा लक्ष्मणाच्या पत्नीला, ऊर्मिलेला, अखेर बोलायला जागा मिळाली म्हणून हिंदी जगाने त्यांचे कौतुक केले. कवींनी ऊर्मिलेकडे दुर्लक्ष केल्याची तक्रार द्विवेदींनी ‘सरस्वती’त १९०८ मध्ये केली होती. पुरुष कवी ऊर्मिलेचा आवाज शोधत होते त्या दोन दशकांत बायका त्याच मासिकांतून स्वतःच बोलू लागल्या होत्या. ‘साकेत’च्या आदल्या वर्षी ‘मुकुल’ निघून गेला होता.

आणखी एक फरक आहे. मैथिलीशरणांनी चिरगावात स्वतःचा छापखाना आणि प्रकाशन उभारले. गावात लिहिलेले गावातच छापता येई. सुभद्राकुमारींकडे असे काही नव्हते. घरी ओढगस्त होती, नवरा-बायको आळीपाळीने तुरुंगात. संपादक गोष्टीला मानधन देत, कवितेला देत नसत. म्हणून त्यांनी कथा लिहायला घेतल्या. ‘बिखरे मोती’ हा कथासंग्रह १९३२ चा. ‘मुकुल’ला आणि ‘बिखरे मोती’ला हिंदी साहित्य संमेलनाचे ५०० रुपयांचे सेकसरिया पारितोषिक मिळाले. मोठी रक्कम होती ती; पण ती पुस्तकांना मिळाली. सतरा वर्षे अंकाअंकांतून दिलेली कविता जवळजवळ फुकट दिलेली होती. त्यांची कविता पुढे विरळ का झाली, याची कारणे शोधताना समीक्षक प्रतिभेचा विचार करतात. वाण्याच्या उधारीचाही विचार व्हायला हवा.

या कवितेवरचा नेहमीचा आक्षेप असा की ती फार सोपी आहे. शेजारी निराला, पंत, महादेवी यांची छायावादी कविता ठेवली की सुभद्राकुमारी सपाट वाटतात. आक्षेपात तथ्य आहे. काही कडवी नुसती प्रसंगाची आहेत, प्रसंगाबरोबर विझलेली आहेत. काही ठिकाणी यमकासाठी शब्द ओढून आणलेला दिसतो. ते झाकायचे कारण नाही. पण सोपेपणा हा सरसकट दोष मानला तर त्या काय करीत होत्या हेच निसटते. महादेवींनी एकांताची कविता लिहिली. तिला एकटा वाचक लागतो. सुभद्राकुमारींची कविता मोठ्याने वाचायची आहे, चौघांत वाचायची आहे, आणि वाचून झाल्यावर अंक दुसऱ्याच्या हाती द्यायचा आहे. ज्या कवितेला अनोळखी, घाईतल्या, अर्धशिक्षित वाचकाला एका वाचनात गाठायचे असते, तिची कसोटी निराळी.

१९४२ च्या आंदोलनात त्या पुन्हा तुरुंगात गेल्या. मध्य प्रांत-वऱ्हाडच्या विधानसभेवर निवडून आल्याने नागपूरला त्यांचे जाणे-येणे असे. १५ फेब्रुवारी १९४८ रोजी, वसंत पंचमीला, नागपूरहून जबलपूरला परतताना सिवनीजवळ मोटार अपघातात त्या गेल्या. वय त्रेचाळीस. पुढे जबलपुरात त्यांचा पुतळा उभा राहिला, तटरक्षक दलाच्या जहाजाला त्यांचे नाव मिळाले, त्यांची कन्या सुधा चौहान यांनी आईवडिलांचे चरित्र लिहिले. मान मिळाला, त्यांच्या कविता ज्या अंकांत आल्या त्या अंकांकडे मात्र फारसे कुणी परतले नाही.

म्हणून वाचकांना एक विनंती. प्रत्येक कवितेखालचे साल वगळून पुढे जाऊ नका. त्या साली कोणता कायदा लागू होता, कोण तुरुंगात होते, कवयित्रीचे वय किती होते आणि कडेवर मूल होते की नव्हते, एवढे आठवून मग कविता मोठ्याने वाचा. आणि मराठीतल्या अशाच बायकांसाठी आपली जुनी मासिकेही उघडा. ‘ज्ञानोदय’, ‘काव्यरत्नावली’, ‘मनोरंजन’ यांच्या फायली ग्रंथालयांत आहेत. त्यांत कवितेखाली ‘एक भगिनी’ किंवा नुसती आद्याक्षरे दिसली तर पान उलटण्यापूर्वी ती टिपून ठेवा. त्या बाईचे नाव शोधण्याचे काम अजून आपल्याकडे बाकी आहे.